डबलमामांची बॅटरी

आमच्या धरणाच्या पाण्यात होडी उजवीकडं वळवायची असेल तर आधी इंडिकेटर द्यावा लागतो. हा कायदा सरकारचा नाही, डबलमामांचा आहे. आणि तो पाळणारी होडीही अख्ख्या धरणात एकच आहे, डबलमामांचीच.

मागं-पुढं नजर पोचेल तिथपर्यंत नुसतं पाणी असतं. फार तर एखादा पाणकावळा. तरी मामा बटण दाबतात, पिवळा दिवा लुकलुकतो, टिक-टिक आवाज सुरू होतो आणि मगच होडीचं तोंड वळतं. मी एकदा न राहवून विचारलं, "मामा, मागं कोण आहे बघायला?"

"कोन हाय म्हून इंडिकेटर नसतो द्यायचा," मामा म्हणाले. "वळायचं हाय म्हून द्यायचा. मानसानं वळायच्या आधी सांगावं. जगातली निम्मी भांडनं न सांगता वळल्यानं झालेली हायेत."

मामांचं खरं नाव किसनराव. सगळी नोकरी त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंट्या म्हणजे चला, या दोन वाक्यांवर त्यांचा संसार झाला. बोलण्यातही तेच. जेवण झालं की ताटावरून उठताना "डबल!" कोणाच्या मयतीला गेले आणि तिरडी उचलायला उशीर व्हायला लागला, की मागून बारीक आवाजात "चला, डबल." गावानं नाव ठेवलं ते तेव्हापासून.

मी त्यांचा शेजारी. कळमनुरीच्या रस्त्यावर फाट्याला माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान आहे. ट्रॅक्टर, जीप, लग्नातल्या बँडची गाडी, कोणाचीही बॅटरी बसली की ती माझ्या दारात येऊन पडते. दुकानामागं मामांचं घर, आणि घरामागून पायवाट थेट इसापूर धरणाच्या फुगवट्यावर उतरते. पाण्याच्या पल्याड वाडी. सरळ बघितलं तर वाडीतल्या बाईनं वाळत घातलेलं लुगडं दिसतं. पण सडकेनं जायचं तर धरणाला वळसा घालून जावं लागतं आणि त्यात अर्धा दिवस मोडतो.

रिटायर झाल्यावर मामांनी कुठल्याशा तलावावरची, शहरातल्या लोकांना फिरवून फिरवून थकलेली एक फायबरची होडी आणली. मामी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "लोकं रिटायर झाल्यावर काशीला जातेत. यायनं धरनात एष्टी काढली."

ते अगदी खरं होतं. होडीला त्यांनी लाल रंग दिला. पुढं पाटी लावली, "घाट ते वाडी, जलद". बसायच्या फळ्यांवर नंबर टाकले. दोन जागा महिलांसाठी राखीव. मागची डावीकडची जागा "आमदारांसाठी". त्या जागेवर ते कोणालाही बसू देत नसत. होडी गच्च भरलेली असो, बाई पोटुशी असो, म्हातारा थरथरत असो, उत्तर एकच, "आन् आमदार आले तर?"

होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी, दोरीला सायकलची घंटी. इंजिन चालवणार मामा आणि घंटी वाजवणारही मामाच. पण आधी ते पुढं जाऊन दोनदा दोरी ओढत, मग मागं येऊन इंजिनाचा दांडा धरून घंटी आपल्याला नुकतीच ऐकू आली असा चेहरा करत, आणि मगच निघत.

"मामा, दोन्ही तुम्हीच ना?"

"म्हून काय झालं? कंडक्टरनं बेल दिल्याबिगर गाडी हालत नसती. मी ड्रायव्हर न्हाई. मी कंडक्टर हाय. ड्रायव्हर नसल्यामुळं चालवून राहिलो."

ड्रायव्हर हा विषय निघाला की मामांचं तोंड सुटायचं. त्यांच्या नशिबाला म्हणे नोकरीभर एकच ड्रायव्हर आला होता, आणि तसला दुश्मनालाही मिळू नये. गिअर टाकताना दात खायचा. हॉर्न असा वाजवायचा की म्हशी दूध चोरायच्या. एकदा नरसीच्या थांब्यावर मामा चहा घ्यायला उतरले. तेवढ्यात कोणाच्या तरी लेकरानं दोरीला लोंबकळून दोन घंट्या दिल्या, आणि हा बहाद्दर गाडी घेऊन गेला. मामा हातात कपबशी घेऊन रस्त्यावर. पुढं एका उसाच्या ट्रॅक्टरवर बसून त्यांनी गाडी गाठली, तीही कपबशीसकट. त्यानंतर महिनाभर ते त्याच्याशी घंटीशिवाय बोलले नाहीत. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की ती कपबशी मला ओळखता येईल. ड्रायव्हरचं नाव मात्र मामांनी कधी घेतलं नव्हतं.

तर, बॅटरी.

होडीला पुढं दोन दिवे, मागं लाल दिवा, चार इंडिकेटर, जीपचा हॉर्न, तळातलं पाणी उपसायचा छोटा पंप आणि इंजिन चालू करायचा सेल्फ, इतका प्रपंच एका बॅटरीवर चाले. पावसाळा सरल्यावर ती बॅटरी दगा द्यायला लागली. संध्याकाळी भरून दिली की सकाळी रिकामी. मामा तिला आपल्या जुन्या लुना मोपेडवर पायाजवळ ठेवून माझ्याकडं आणत. मी तपासली. बॅटरी ठणठणीत होती.

"मामा, बॅटरी चांगली आहे. होडीत कुठंतरी करंट गळतोय. ते दिवे न् इंडिकेटर काढून टाका, म्हणजे शोधायला सोपं जाईल."

"दिवे निघनार न्हाईत."

"बरं, इंजिनाची ओढायची दोरी तुटलीय, ती तरी लावून घ्या. सेल्फ नाही लागला तर हातानं चालू होईल."

"दोरी वढायला मी काय विहिरीवर आलोय व्हय? तू भर बॅटरी."

मग तो बाजारचा दिवस आला. कळमनुरीचा बाजार करून वाडीची माणसं परत निघाली होती. होडीत भाजीवाली गोदाबाई होती, तिच्या उरलेल्या टमाट्यांची पाटी होती, आणखी चार-पाच जणं होती. वारा सुटलेला. पाण्याच्या मधोमध एक टेकाड डोकं वर काढून आहे, त्यावर एक म्हसोबा. मामांनी त्याला विनंती थांबा ठरवला होता. कोणी विनंती केली नव्हती, तरी मामांनी होडी टेकाडाला लावली, नियमाप्रमाणं इंजिन बंद केलं, म्हसोबाला हात जोडले, दोन घंट्या दिल्या आणि सेल्फ मारला.

टिक.

पुन्हा मारला. टिक. हॉर्न दाबून बघितला, तर तो कोंबड्याचं मुंडकं धरल्यागत अर्ध्यातच बसला. तेवढ्यात वाऱ्यानं होडी टेकाडापासून सोडवून घेतली. गोदाबाईनं बोंब ठोकली. वल्हं एकच होतं. मग एकानं घमेलं घेतलं, एकानं "घाट ते वाडी, जलद" ही पाटीच उपसली आणि सगळे पाणी मागं ढकलायला लागले. मामा मध्ये उभे राहून ओरडत होते, "घाबरायचं न्हाई! गाडी लेट होईल, बंद होनार न्हाई! एका बाजूला गर्दी करू नका, पुढं सरका!"

होडी लागली ती घाटापासून पार लांब, बाभळीच्या झुडपात. सगळे काट्यातून चिखल तुडवत वर आले. माणसाला इजा झाली नाही. पण गोदाबाईचे टमाटे पाण्यावर लाल माळ करून तरंगत राहिले. तिनं काठावर उभं राहून सांगितलं, "मी मरंन, पर सडकंवर मरंन. पुन्हा या एष्टीत पाय ठेवनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सरपंच घाटावर आले. भला माणूस. म्हणाले, "मामा, दुरुस्त करा, दाखवा, मंग मानसं बसवा. तवर न्हाई. आमाला काय तुमची होडी नको हाय व्हय? पर जीव हाय लोकायचा."

कोणीतरी मागून म्हणालं, "त्या लाइटी फेका न् वल्हं घ्या सरळ. म्हातारपनी हे काय चाळे!"

मामांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "प्रवासी बसवनार न्हाई," ते सरपंचांना म्हणाले. "पर गाडी सुटनार. टायमावर."

आणि सुटायची. मी सकाळी बॅटरी भरून द्यायचो. मामा खाकी शर्ट घालून घाटावर जात, रिकाम्या होडीत दोन घंट्या देत, इंडिकेटर लावत आणि जात. दुपार कलली की परत. घाटावरची पोरं टाळ्या पिटायची. मामा त्यांना हॉर्न वाजवून दाखवायचे, बॅटरीत तेवढा दम असला तर. मामींनी मला हाक मारून सांगितलं, "गजू, हे रिकामी होडी घिऊन कुठं जाते रे? डबा नेते तो बी दोन मानसायचा. ईचारलं तर म्हंते, भूक लागती पान्यावर."

हट्टी माणसाला समजावण्यापेक्षा वायर समजावणं सोपं. एका सुट्टीला मी टेस्टिंगचा बल्ब, पक्कड, पाने घेऊन होडीत उतरलो. मामांना काम समजावलं. "बॅटरीची एक वायर काढायची आणि मध्ये हा बल्ब जोडायचा. सगळी बटणं बंद असून बल्ब पेटला, तर कोणीतरी करंट पितंय. मग एक-एक फ्यूज काढत जायचं. ज्याच्यावर बल्ब विझेल तो चोर."

मामांचे डोळे चमकले. "म्हंजे विनातिकीट प्रवासी! चेकिंग लावायची म्हन की."

मी बल्ब जोडला. पेटला. मामा सरळ उभे राहिले, शर्टाची कॉलर नीट केली आणि फ्यूजच्या डबीपुढं जाऊन म्हणाले, "चला, तिकीटं दाखवा!"

पहिला फ्यूज पुढच्या दिव्यांचा. काढला. बल्ब तसाच. "सुटला," मामा म्हणाले. दुसरा मागच्या दिव्याचा. तसाच. हॉर्न. तसाच. शेवटचा इंडिकेटरचा. मामांनी श्वास रोखला. मी फ्यूज ओढला. बल्ब तसाच जळत होता.

"बघ!" मामांनी फळीवर अशी थाप मारली की होडी डुलली. "बेकसूर! माझी एक बी लाइट चोर न्हाई. गावाला सांग जाऊन. लाउडस्पीकर लावून सांग!"

"मग चोर कोण?"

आता राहिल्या दोन वायरी, ज्या फ्यूजच्या डबीत न जाता थेट बॅटरीला लागल्या होत्या. एक सेल्फची जाड केबल, दुसरी पंपाची. पंपाची काढली आणि बल्ब विझला. तळातलं झाकण उघडून मी हात घातला. पंपाला एक तरंगता खटका असतो. पाणी वाढलं की तो वर उचलला जातो आणि पंप चालू होतो, पाणी गेलं की खाली बसतो आणि बंद. आमचा खटका खाली बसतच नव्हता. त्याच्याखाली काहीतरी अडकलं होतं. मी ते ओढून काढलं. एक जाडजूड हळकुंड होतं.

मागं कधीतरी वाडीच्या एका शेतकऱ्याची हळदीची पोती मामांनी आणली होती, वसमतच्या मोंढ्यात जाणारी. त्यातलं एक सांडून खाली गेलं आणि रात्रंदिवस पंपाला जागं ठेवून बसलं. पी हळद अन् हो गोरी म्हणतात. इथं हळदच बॅटरी पिऊन बसली होती.

मामांनी हळकुंड हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "लगेज," ते तुच्छतेनं म्हणाले. "मी कवाधरनं सांगून राहिलो, लगेजचं तिकीट काढत जा."

दोन दिवस बॅटरी टकाटक राहिली. मामा गावातून छाती काढून हिंडले. सरपंचांच्या दारासमोरून विनाकारण दोनदा गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी होडी वल्ह्यानं आली. बॅटरी पुन्हा मेलेली.

दुसऱ्या सकाळी बॅटरी भरून मी पुन्हा बल्ब घेऊन बसलो. आता मात्र बल्ब पेटेचना. सगळं जोडलेलं, बटणं बंद, बल्ब विझलेला. म्हणजे गळती नाही. मग बॅटरी बसली कशी? ऊन वर आलं. मी वैतागून घाम पुसला आणि जी फळी जवळ होती तिच्यावर टेकलो.

बल्ब लख्ख पेटला.

"उठ तिथून!" मामा ओरडले. "ती जागा आमदाराची हाय!"

मी दचकून उठलो. बल्ब विझला. मी मामांकडं पाहिलं, बल्बकडं पाहिलं आणि पुन्हा बसलो. पेटला. उठलो, विझला. बसलो, पेटला.

"काहून उठबशा काढून राहिला?" मामा म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता.

मी ती फळी उचकटली. खालून सेल्फची जाड केबल गेली होती. फळीच्या बोल्टाचं टोक तिच्यावर आलं होतं. फळीवर वजन पडलं की ते टोक केबलला खालच्या लोखंडी पट्टीवर दाबायचं, आणि ती पट्टी इंजिनाला जोडलेली, म्हणजे करंट तिथूनच गळायचा. केबलचं कातडं तिथं घासून गेलं होतं, आतली तार हिरवी पडली होती, भोवती फायबर काळं झालं होतं. गंजाचा थर मध्ये आला म्हणून ती अर्धवट टेकत होती. पूर्ण टेकली असती तर तिथंच आग लागली असती. आणि त्या जागेपासून हातभर अंतरावर पेट्रोलचा डबा होता.

फळीचा वरचा भाग मी हातानं चाचपला. बाकीच्या फळ्या खरबरीत होत्या. ही गुळगुळीत झाली होती.

"मामा, कोणते आमदार रोज येऊन बसतात इथं?"

"कोनी न्हाई."

"रोज बसतंय कोणीतरी. नुसत्या होडी हालण्यानं इतकं घासत नाही. रोज, बराच वेळ, चांगलं वजनदार माणूस बसतंय."

"म्हनलं ना, कोनी न्हाई! तू वायर बांध न् चल." मामा पाण्याकडं तोंड करून उभे राहिले.

मी पक्कड खाली ठेवली. "मामा, जो कोणी बसतोय तो आगीवर बसतोय. उद्या हा गंज सुटला, ठिणगी पडली, तर तुम्ही उडी मारून पोहाल. त्याला पोहता येतं का?"

मामा पाण्याकडून वळले. मग खाली बसले. त्यांनी टोपी काढली. बोडख्या डोक्याचे मामा मी पहिल्यांदाच पाहिले. काळ्या पडलेल्या फायबरवर त्यांनी बोट फिरवलं आणि ते बोट बघत राहिले.

"करीमला पवता येत न्हाई," ते म्हणाले. "आन् दिसत बी न्हाई."

करीमभाई म्हणजे तोच तो ड्रायव्हर. गिअर टाकताना दात खाणारा, मामांना नरसीला सोडून जाणारा. त्याचं घर पल्याड वाडीत. रिटायर झाल्यावर साखरेच्या आजारानं त्याचे डोळे गेले. आधी एक, मग दुसरा. पोरगा-सून भली होती, जीव लावत होती. पण आंधळ्या माणसानं पाण्याकडं जायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद. घरापासून काठावरच्या लिंबापर्यंत काठी टेकत यायचं, तिथं बसायचं, परत जायचं.

"मी पहिल्यांदा सडकंनं गेलो व्हतो भेटाया," मामा सांगू लागले. "लिंबाखाली बसला व्हता. हात असे पुढं धरून. ईचारलं, काय करून राहिला रे? म्हनला, कुछ नहीं, घाट चढ रहा था. हातात स्टेरिंग नव्हतं रे गजू, तरी हात तसेच. मला लई राग आला त्याचा."

"राग?"

"मंग? आमच्या दोघायची डूटी संगं लागायची. ह्यो एकटाच गाडी घिऊन चालला."

तेव्हापासून होडी. वाडीच्या काठाला होडी लागली की मामा लिंबाखालून करीमभाईंना खांद्याला धरून आणत, मागच्या डाव्या जागेवर बसवत, मामींनी दिलेला डबा दोघं खात, आणि बसल्या बसल्या भांडत. करीमभाईंना इंडिकेटरची टिक-टिक आवडे म्हणून ती चालू ठेवत. सून नमाजासाठी त्यांना न्यायला यायची वेळ झाली की परत लिंबाखाली. कोणाला सांगायचं नाही. गावात कळलं तर म्हणतील, आंधळ्याला पाण्यावर घेऊन बसतो.

"ते दोन दिवस बॅटरी बराबर व्हती ना," मामा म्हणाले, "तवा त्याला ताप व्हता. आलाच न्हाई."

मी केबल बदलली. नवी वरच्या बाजूनं, पाइपात घालून नेली. बॅटरीजवळ मोठा फ्यूज टाकला. बोल्ट कापला, पट्टीवर रबर घातलं, पेट्रोलचा डबा पुढं हलवला. इंजिनाला दोरीही लावली. मामा म्हणाले, "लाव. पर मी वढनार न्हाई." मग मी त्या जागेवर बसलो, उठलो, उड्या मारल्या. बल्ब मेल्यागत गप्प. मामांनी दहा वेळा मला बसायला लावलं. शेवटी स्वतः बसले, डोळे मिटून, बराच वेळ.

पुढचं सांगायचं तर होडी पुन्हा चालू झाली. सरपंच स्वतः बसून पल्याड जाऊन आले. आणि सडकेवर मरणार म्हणणारी गोदाबाईच बाजारच्या दिवशी पाटी घेऊन पहिली चढली. "गुडघे दुखतेत" एवढंच म्हणाली. मामा तिच्या पाटीकडं बोट दाखवून म्हणाले, "लगेज." ते असो. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, चाचणीच्या दिवसाचं.

त्या सकाळी मामांनी घाटावर जाहीर केलं की गाडी दुरुस्त आहे. लोक जमले, पण चढलं कोणी नाही. "आधी तुमी दोन खेपा मारा, मंग बघू," सडकेनं वळसा घालून आलेली गोदाबाई म्हणाली. मामा म्हणाले, "गाडी कोनाची वाट बघत नसती." मी एकटा चढलो. सेल्फ पहिल्या झटक्यात लागला.

वाडीच्या काठाला लिंबाखाली करीमभाई बसले होते. उंच, रुंद, पांढरी दाढी, इस्त्रीची खाकी पँट. त्या दिवशी मामांनी लपवाछपवी केली नाही. भर काठावर, चार बाया धुणं धूत असताना, त्यांना खांद्याला धरून आणलं. आणि डाव्या जागेवर न बसवता सरळ मागं नेऊन इंजिनाचा दांडा त्यांच्या हातात दिला.

"ओ कंडक्टर!" काठावरून एकजण ओरडला. "आंधळ्याच्या हातात काहून देऊन राहिले? बुडवसाल त्याला!"

मामा होडीत ताठ उभे राहिले. "यानं सगळ्या नोकरीत गाडीखाली कोंबडं मारलं न्हाई," ते गरजले. "तुमच्या डोळेवाल्यायनं किती मारले ते सांगा आधी! ज्याला बघायचं त्यानं बघावं, न्हाई त्यानं धुनं धुवावं!" आणि पुढं जाऊन त्यांनी दोनदा दोरी ओढली.

करीमभाईंनी होडी हळूच सोडली. वारा नव्हता, पाणी ताटासारखं. मी मनात म्हसोबाला नवस बोलत होतो. मामा पुढं उभे राहून मागं न बघता सांगत होते, "सरळ. सरळ. जरा डाव्या अंगाला. बैलगाडी हाय, जाऊ दे तिला... हां, आता मोकळं." पाण्यावर बैलगाडी कुठली? मग माझ्या ध्यानात आलं. मामा धरण सांगतच नव्हते. ते कळमनुरीहून हिंगोलीवरून नरसीला जाणारी सडक सांगत होते. पूल, चढ, चिंचेची झाडं, वळणावरचं हॉटेल. करीमभाई मान हलवत होते आणि दांडा दोन्ही हातांनी धरून, वळणावर अंग झुकवत, होडी चालवत होते.

"पसिंजर कितने हैं, किसन?" त्यांनी विचारलं.

मामांनी मागं वळून पाहिलं. फळ्या रिकाम्या. मी एकटा, कड धरून बसलेला.

"फुल हाय," मामा म्हणाले. "उभे हायेत लोक. दारात लटकून राहिले. सांभाळून घे."

"लेता हूँ."

थोड्या वेळानं मामांनी एक घंटी दिली. "नरसी! नरसीवाले उतरा." करीमभाईंनी इंजिन मंद केलं. होडी थांबल्यासारखी झाली. चहूकडं शांत पाणी. मामांनी माझ्याकडं पाहिलं. असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. ते मागत होते काहीतरी. मी उठलो आणि फळ्यांवर पाय आपटले. इकडून तिकडं गेलो, पुन्हा आलो, पुन्हा आपटले. थोडा खोकलोही.

करीमभाई ऐकत होते. त्यांच्या दाढीत हसू फुटलं.

"किसन," ते म्हणाले, "ये एकच आदमी कितने बार उतरेगा?"

मामांनी तोंड पुढं फिरवलं. खांदे हलले त्यांचे. हसत होते की काय, मला पाठमोरं कळलं नाही.

"तू तुझं काम कर," ते ओरडले. "पुढं बघ!"

"देख रहा हूँ ना," करीमभाई म्हणाले.